कंबरभर पाण्याचा तारांकित प्रश्न

सगुणाची कंबर संसदेत पोचली त्याच्या तीन आठवडे आधी सगुणा विठ्ठलवाडी स्टेशनजवळ खासदारांच्या ऑफिसात बाकावर बसली होती. एका बाजूला सून समृद्धी, दुसऱ्या बाजूला मांडीवर जळका वीजमीटर घेऊन बसलेले एक आजोबा. आजोबा मधूनमधून मीटरवरून हात फिरवत होते, आजारी कोंबडीवरून फिरवावा तसा.

खासदार धम्मपाल शेजवळ राजकारणात यायच्या आधी बसवर कंडक्टर होते. अजूनही समोरच्याचं ऐकताना त्यांचा अंगठा तर्जनीवर घासत राहायचा. आता तिकीट फाडून हातात देतील, असं वाटायचं. विरोधी पक्षात असल्यामुळे त्यांच्याकडे देण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून ते प्रत्येकाचं अगदी शेवटपर्यंत ऐकून घेत.

"बोला ताई. कुठलं गाव?"

"कासवली. शीलफाट्याच्या अलीकडं, नव्या रस्त्याच्या खालती."

"टँकर येत नाही?"

"पानी हाय साहेब. तेच तर दुखनं हाय."

शेजवळांनी लिहिता लिहिता मान वर केली. सकाळपासून पाणी जास्त झालं म्हणून आलेली ही पहिलीच बाई होती.

सगुणानं सांगितलं ते एवढंच. तिची अकरा खाचरं रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला. पूर्वी डोंगराचं पाणी खाचराखाचरातून उतरत खाडीला जायचं. गेल्या साली दोन पुरुष उंचीचा भराव टाकून रस्ता झाला आणि त्याच्या पोटात पाणी जायला एकच पाइप ठेवला, हंडा आत अडकेल एवढा. पाणी आलं, पाइपाजवळ थांबलं, आणि तिथंच राहायला लागलं. गेल्या सालचं सगळं भात कुजलं.

"यंदा राबात पेरनी झालीय. महिन्याभरात लावनीला रोप तयार व्हईल. तवर पानी हाललं नाय तर लावू कुठं?"

"किती साचतं?"

सगुणा उठून उभी राहिली. हाताची कड कंबरेला लावली. "हितवर."

"फूट, मीटर, असं काही?"

"फुटानं कोन मोजतंय साहेब. मी गेल्या साली रोज आत उतरत व्हते. हितवर."

शेजवळही खुर्चीतून उठले. त्यांनी स्वतःच्या कंबरेला हात लावून पाहिला. मग बसले आणि वहीत लिहिलं. "असंच मांडतो. तिथं आकड्याला कुणी घाबरत नाही ताई. अब्जाखालचा आकडा कानात शिरत नाही त्यांच्या. कंबर लक्षात राहील. अजून काय?"

अजून बरंच होतं. गुरांच्या दवाखान्यातला डॉक्टर फक्त गुरुवारी यायचा आणि गुरं बाकीचे सहा दिवस आजारी पडायची. उपकेंद्राच्या नर्सबाईंना तीन गावं होती, त्यामुळे त्या कायम तिसऱ्या गावात असायच्या. नळाला पाणी यायचं, पण सगळी रानात असायची तेव्हा. समृद्धी एकेक मुद्दा आठवून देत होती. ती कळव्याची, बी.कॉम. झालेली.

"सर, व्हिडिओ पण काढलेत. फॉरवर्ड करू?"

"करा. पण कंबर मेन आहे," शेजवळ म्हणाले.

पाणी वाढत गेलं. सगुणाचा रोजचा क्रम ठरलेला होता. सकाळी भाकऱ्या झाल्या की ती जांभळीजवळच्या खाचरात उतरायची. पहिल्या आठवड्यात पाणी पोटरीला होतं. दुसऱ्या आठवड्यात मांडीला. तिसऱ्या आठवड्यात लुगड्याचा काष्टा भिजला तेव्हा ती बांधावर उभ्या गणूला म्हणाली, "आलं गेल्या सालच्या जागेवर." गणूनं नुसती मान हलवली. तिचा नवरा गणू केणे सहा फूट उंच, रुंद खांद्यांचा माणूस. एरवी पाऊसपाण्यावर तासभर बोलायचा, पण ह्या पाण्याचा विषय निघाला की त्याला गोठ्यात काहीतरी आठवायचं.

रस्त्याच्या पलीकडं बत्तीस मजल्यांचे तीन टॉवर उभे होते. तिथल्या फ्लॅटच्या जाहिरातीत लेक व्ह्यू असं छापलेलं होतं. तो लेक म्हणजे सगुणाची खाचरं. संध्याकाळी लोक बाल्कनीत उभे राहून पाण्याचे फोटो काढायचे आणि फोटोत एखाद्या वेळी सगुणाही यायची, कंबरेपर्यंत.

गुरुवारी प्रश्न लागला. तारांकित प्रश्न, क्रमांक दोनशे चौदा. हर्षित, म्हणजे सगुणाचा मुलगा, गोदामात सकाळच्या शिफ्टला गेलेला. बाकी तिघं राबात होती. राब, म्हणजे रोपांचा वाफा, उंचावर, म्हणून तेवढा कोरडा. त्याच्यालगतच्या एका बारक्या तुकड्यात लावणी करून घ्यावी म्हणून ती रोप खणत होती. रोप चोवीस दिवसांचं, टवटवीत, तळहाताला हिरवा वास लावणारं. समृद्धीनं मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुंपणाच्या काठीला अडकवला होता आणि आवाज पूर्ण सोडला होता.

"माननीय अध्यक्ष महोदय," शेजवळांचा आवाज पिशवीतून आला, "कासवली गावच्या सगुणाबाई गणू केणे यांच्या शेतात त्यांच्या कंबरेइतकं पाणी उभं आहे."

सगुणाचे हात थांबले. आपलं नाव एवढ्या लांबून येताना ऐकायची तिला सवय नव्हती. हातातली रोपांची मूठ तिनं हळूच खाली ठेवली, पदर नीट केला आणि मोबाइलसमोर सरळ उभी राहिली.

शेजवळ चांगलं बोलले. गुरुवारचा डॉक्टर झाला, तिसऱ्या गावातली नर्स झाली, नळ झाला. "रस्ता बांधताना शेतकऱ्याला विचारलं होतं का," असं विचारून ते खाली बसले. समृद्धीनं चिखलाच्या हातांनी टाळी वाजवली.

मग मंत्री उठले. ते हिंदीत बोलले आणि फार सावकाश बोलले. सरकारनं विचारलं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या पाहणीत स्थानिक शेतकऱ्याचा जबाब घेतला होता, तो जोडपत्र ब मध्ये होता आणि मंत्र्यांनी तो वाचून दाखवला. शेतकऱ्यानं सांगितलं होतं की भर पावसातसुद्धा पाणी घोट्यावर येत नाही. त्या आधारावर एक पाइप पुरेसा ठरवला गेला. शेतकऱ्याचं नाव, श्री. गणू बाळू केणे.

"अब पति का टखना सही है या पत्नी की कमर," मंत्री म्हणाले, "ये माननीय सदस्य पहले घर में तय करवा लें।"

सभागृह हसलं. पिशवीतून हसणं येत राहिलं. शेजवळ उठून काहीतरी विचारताना ऐकू आले, पण त्या गलक्यात कळलं नाही.

"टखना म्हंजे?" सगुणानं विचारलं.

"घोटा," समृद्धी म्हणाली.

दोघी वळल्या. गणू त्यांच्याकडे पाठ करून बसला होता आणि आधीच बांधलेली मूठ सोडून पुन्हा बांधत होता.

"अवो," सगुणा म्हणाली.

गणूनं ती मूठ पुन्हा सोडली.

"तुमी बोललाव घोटा?"

"त्या दिवशी ना," गणू मुठीला म्हणाला, "ते मोजनीवाले आले. एकानं इचारलं, पानी किती साचतं. आता बांधावर कोन उभं व्हतं? कुंडलिकशेट. पोरीला द्यायच्या आधी जमीन बगायला आलेला. व्याह्याच्या तोंडावर काय बोलू, आमची जमीन पान्याखाली जाते? बोललो घोट्यावर. त्या मान्सानं लिवून घेतलं. मना काय म्हाईत तो लिवलेलं बांधनार म्हनून."

सरकार लिहिलेलं बांधतं, ही गोष्ट कासवलीत कुणाच्याच अनुभवाला आलेली नव्हती, त्यामुळे गणूला फार दोष देता येत नव्हता.

"म्हणजे माझ्या लग्नामुळे पाइप छोटा पडला," समृद्धी म्हणाली.

"तुझं काय त्यात गो," सगुणा म्हणाली. "तोंड ह्यांचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती क्लिप सगळ्यांच्या मोबाइलवर होती, खाली कुणीतरी ढोलकी लावलेली. नाक्यावर चहाला गेलेल्या गणूला लोकांनी बाकावर बसवलं आणि पाय दाखवायला सांगितलं. एकानं टेप आणली होती. घोटा मोजून झाल्यावर दुसरा म्हणाला, ह्यात तर आपलं अख्खं गाव मावेल. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव घोटेशेट पडलं होतं. शनिवारी तो भर पावसात हर्षितचे पायमोजे आणि त्यावर चप्पल घालून बाहेर पडला. त्यामुळे ज्यांच्या लक्षात नव्हतं त्यांच्याही लक्षात आलं.

सगुणाला ह्या सगळ्याला वेळ नव्हता. रोप पंचवीस दिवसांचं झालं, सव्वीस दिवसांचं झालं. बत्तीस दिवस ओलांडले की रोप पेरं धरतं आणि मग ते लावलं काय आणि गुरांपुढं टाकलं काय, सारखंच. ती रोज राबात जाऊन चार काड्या उपटायची, बुंध्याला नख लावून पाहायची आणि परत यायची.

शेजवळांचा फोन शनिवारी दुपारी आला.

"ताई, सरकारनं मला पाडावं हे मी समजू शकतो. तुमच्या घरातनं पाडलं मला."

"चुकलंच साहेब."

"नाही नाही, ऐका. मंत्री शेवटी बोलले ना, गरज असल्यास पुन्हा पाहणी करू. गरज असल्यास म्हणजे करणार नाही. पण मी लगेच तारीख मागितली. सगळे हसत होते, त्या हसण्यात ते सोमवार बोलून गेले. आता ते छापून आलंय. सोमवारी इंजिनियर येणार."

सगुणानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग झालं की."

"अजून नाही. पहिला जबाब ज्याचा, त्यानंच तो बदलायचा. यजमानांना सांगा, चारचौघांत सांगायचं, पाणी कंबरेला लागतं. बाकी मी दिल्लीत बघतो."

गणू गोठ्यात होता. त्यानं सगळं ऐकलं आणि बैलाच्या पाठीवरची गोमाशी उडवली.

"मेलो तरी बोलनार नाय."

"का?"

"कुंडलिकशेट काय बोलंल? फसवून पोरगी घेतली बोलंल. अडीच वर्सं त्याच्या घरी ताठ मानेनं जेवतोय मी."

"पप्पा," समृद्धी दारातून म्हणाली, "मी अडीच वर्षं ह्या घरात आहे, दोन पावसाळे त्याच पाण्यात उभी आहे. मला कळायचं काही बाकी आहे का?"

"तुला कललं ते येगलं. बापसाला कललं तर येगलं."

सगुणानं शेणाची पाटी उचलून डोक्यावर घेतली. "तुमची मान ताठ ऱ्हावी म्हनून अकरा खाचरं आडवी करायची?" एवढं बोलून ती गेली. रात्री तिनं त्याला जेवायला वाढलं, नेहमीसारखं, दोनदा भात घातला. गणूला शिव्या चालल्या असत्या. तो दुसरा भात त्यानं तसाच ताटात ठेवला.

सोमवारी अकराच्या सुमाराला जीप आली. श्रीपाद नावाचे अभियंता उतरले, चाळिशीचे, नीटनेटके, रेनकोटाची सगळी बटणं लावलेली. सोबत मोजपट्टी धरणारा माणूस आणि चार पानी फॉर्म.

"नमस्कार. आपणच सगुणाबाई का? आपला उल्लेख वाचला मी." कंबरेकडे नजर जाऊ नये म्हणून ते फार वरती, जांभळीच्या शेंड्याकडे बघत बोलत होते. "मूळ निवेदन श्री. गणू केणे यांचं आहे. ते उपस्थित आहेत ना?"

गणू उपस्थित होता, जांभळीच्या मागं. बांधावर पंधरा-वीस माणसं जमली होती. श्रीपाद साहेबांनी फॉर्म उघडून विचारलं, "तर केणे, आपल्या मते पाणी किती साचतं?"

गणूनं तोंड उघडलं, आणि त्याच वेळी रस्त्यावर एक स्कूटर येऊन थांबली. कळव्याहून कुंडलिकशेट आले होते. पांढरा लेंगा, डोक्यावर प्लास्टिकची टोपी, हातात सुक्या जवळ्याची पिशवी. गणूचं तोंड मिटलं. तो पायमोज्यांकडे बघायला लागला.

कुंडलिकशेट घसरत भराव उतरले, पिशवी लेकीच्या हातात दिली आणि पाण्याकडे बघून म्हणाले, "ह्या साली पन तेवरंच हाय."

"तेवरंच म्हंजे?" गणूचा आवाज बारीक झाला.

"गणूशेट, त्या दिवशी मी बांधावर कुठं टेकलो व्हतो? ह्या जांभलीला. खोडावर चिखलाची रेघ कंबरेवर. रस्ता नव्हता तवा पन मोठ्या पान्याला दोन-चार दीस तुंबायचं तुमच्या हितं. माझा जल्म मिठागरात गेला. पानी कुठवर येऊन गेलं ते मना वाचता येत नाय?"

"मंग तवा बोललाव नाय ते?"

"काय बोलू? मी पन सांगितलेलं, पोरगी पन्नास मान्सांचं जेवन एकटी करते."

सगळे समृद्धीकडे बघायला लागले.

"बाबा, मला चहा यायचा फक्त," समृद्धी म्हणाली.

"तेच ना. मना वाटलं, दोनी घरं सारखीच हायत. सोयरीक चांगली."

गणू थोडा वेळ व्याह्याकडे बघत राहिला. मग त्यानं खाली बसून पायमोजे काढले, पिळले, जांभळीच्या फांदीवर टाकले आणि पाण्यात चालत गेला. त्याला मांडीच्या वर लागलं. सगुणा त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, तिला कंबरेला. तो वळून एवढ्या मोठ्यानं बोलला की टॉवरमधल्या चार बाल्कन्या उघडल्या.

"साहेब, लिवा. गणू बालू केणे. मी खोटं बोललो व्हतो. पानी हितवर येतं. माझ्या हितवर आनि हिच्या हितवर."

मोजपट्टी लावली. ब्याऐंशी सेंटिमीटर भरलं. श्रीपाद साहेबांनी ते लिहून घेतलं, गणूचा अंगठा नको, सही चालेल असं सांगितलं, आणि फॉर्म मिटला.

"झालं. आता रस्त्याखालच्या नव्या मोरीचा प्रस्ताव जाईल. छाननी, तांत्रिक मान्यता, निविदा. साधारण आठ महिने धरा."

"रोपाला चार दीस हायत साहेब," सगुणा पाण्यातूनच म्हणाली.

"मी समजू शकतो. परंतु नवीन बांधकामाला मंजुरी लागतेच."

"नवीन कोन मागतंय? जुनी खोला ना."

"जुनी कोणती?"

आता गणू बोलायला लागला आणि थांबेना. आज्याच्या वेळची दगडी मोरी होती, बैलगाडीच्या वाटेखाली. भराव टाकला तेव्हा दोन्ही तोंडं बुजली. त्याचं सगळं लहानपण त्या तोंडाशी जाळं लावून मासे धरण्यात गेलं होतं. श्रीपाद साहेबांनी नकाशा उलगडला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"नकाशात नाही."

"नकाशात घोटा हाय," सगुणा म्हणाली.

साहेबांनी नकाशा मिटला. माणूस प्रामाणिक होता, त्याला ते लागलं. त्यांनी रेनकोटाचं वरचं बटण काढलं. "जुनी असेल तर ती साफ करायला माझी सही पुरते. देखभालीत बसतं ते. पण आहे हे मला दिसायला हवं. नुसत्या सांगण्यावर एकदा सही झालेली आहे."

गणू भरावाच्या कडेनं पायानं चाचपत निघाला. डोळे जांभळीवर, तिथून मनात अंतर धरून. गाळात पाय रुतत होते, एकदा तो आडवा झाला आणि तोंडात पाणी गेलं. टाकून दिलेली सिमेंटची पोती, सळयांचे तुकडे, तुटकं घमेलं. टाचेला सळई लागली, तेवढ्यापुरतं लाल पाणी वर आलं आणि गेलं. तो मागं फिरला, पुन्हा जांभळीकडे बघितलं, दोन पावलं डावीकडं सरकला आणि एकदम छातीपर्यंत खाली गेला.

"हितं," तो म्हणाला. "डोह परायचा तोंडाशी. हितंच. दगड लागतात पायाला."

"मला दिसलं पाहिजे," साहेब म्हणाले, पण आता जरा हळू.

"पान्याखालचं कसं दिसंल? उतरा," सगुणा म्हणाली, आणि हात पुढं केला.

श्रीपाद साहेबांनी बूट काढले, त्यात मोजे घडी करून ठेवले, मोबाइल आणि पाकीट समृद्धीकडे दिलं. रेनकोट मात्र काढला नाही. सगुणाच्या हाताला धरून ते गेले, चार पावलांत कंबर झाली, सातव्या पावलाला छाती. रेनकोट त्यांच्याभोवती फुगून छत्रीसारखा तरंगायला लागला. मध्यभागी त्यांचं डोकं. ते बराच वेळ पायांनी काहीतरी वाचत होते.

"दगड आहेत," शेवटी ते म्हणाले. "घडीव दगड आहेत. कमान आहे."

फॉर्म कुंडलिकशेटांच्या पाठीवर ठेवून त्यांनी ओल्या हातानं सही केली.

शीळफाट्याच्या बाजूला रस्त्याच्या कामाची एक जेसीबी उभी होती. ती यायला दोन तास लागले. तोवर बांधावरची माणसं घरी जाऊन फावडी घेऊन आली होती, नाक्यावर टेप आणणाराही होता. आधी खाडीकडचं तोंड मोकळं केलं, मग वरचं. गणू जेसीबीच्या पुढ्यात उभा राहून हातानं उजवीकडं, डावीकडं करत होता आणि मशीनवाला त्याचं ऐकत होता. मग आतून एक लांब घुरघुर आली. पाण्यावरचा कचरा हळूहळू एकाच दिशेला निघाला, मग वेगानं. पलीकडं धबधबा धरला. पोरंटोरं टोपल्या घेऊन धावली. श्रीपाद साहेब जीपच्या बॉनेटवर रेनकोट वाळत घालून बघत होते. त्यांच्या नोकरीत कागदावर सही केल्यावर त्याच दिवशी काही हललेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

मंगळवारी दुपारी पाणी पोटरीला आलं. खाचरात साचलेला गाळ, प्लास्टिक, मेलेलं गवत वर आलं. पाच जणांनी ते काढलं. हर्षितनं रजा टाकली, कुंडलिकशेट मुक्कामाला राहिले. पॉवर टिलर एका खाचरात रुतला, तेव्हा बैल जुंपले. बुधवारी पहाटेपासून लावणी. मुठी फेकायच्या, वाकायचं, मागं मागं सरकत जायचं. समृद्धीच्या बोटांच्या बेचक्या पहिल्याच दिवशी सोलल्या. सगुणाची कंबर, जी संसदेत गेली होती, ती संध्याकाळी सरळ होत नव्हती. ती बांधाला हात टेकून वाकलेलीच उभी राहायची आणि तशीच घरी जायची.

गुरुवारी सकाळी टॉवरमधून एक ट्रॅकसूट घातलेली बाई कुंपणापर्यंत आली.

"काकू, लेक कुठे गेला?"

"खाडीला."

"परत कधी येणार?"

"नाय येनार."

बाईला वाईट वाटलेलं दिसलं. तिनं चिखलाचा एक फोटो काढला आणि गेली. सोसायटीनं खासदारांना तलाव वाचवा असं पत्र पाठवल्याचं नंतर कळलं.

शनिवारपर्यंत नऊ खाचरं हिरवी झाली. दोन राहिली. राबात उरलेलं रोप पिवळं पडलं होतं, पेरं धरलेलं. सगुणानं एक काडी मोडून बघितली आणि बाजूला ठेवली. मग नवव्या खाचराच्या कोपऱ्यात उरलेली शेवटची रांग भरायला पुन्हा वाकली.

त्याच वेळी शेजवळ आले. दिल्लीहून रात्री उतरले होते, सोबत एकच कार्यकर्ता. ते बांधावरून नऊ खाचरं बघत चालत आले आणि सगुणापाशी थांबले.

"ताई, मंत्र्यांनी काल सभागृहात सांगितलं, प्रश्न निकाली, बाधित क्षेत्र शून्य. मला बाकं वाजवावी लागली."

"नऊ लागली, दोन ऱ्हायली. गेल्या साली अकराची अकरा गेलेली. तसं सांगा."

"दोनाचं बोललो तर नवाचं श्रेय ते घेतील."

"घेऊ द्या. भात आमच्याच घरात येनार." ती रोपं खोवत राहिली. "नव्या मोरीचा कागद फिरतोय तो फिरता ठेवा. जुनी एकटी दर साली पुरायची नाय. आनि दवाखान्याचं पहिलं घ्या आता. माइक बंद पडायच्या आत गुरुवार तेवढा बोलून टाका."

"तीन मिनिटं मिळतात," शेजवळ म्हणाले. अंगठा तर्जनीवर घासत होता. मग त्यांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली. "मी लावू का थोडं? फोटोला नाही. असंच."

सगुणानं वर बघितलं, मग अर्धी मूठ त्यांच्या हातात दिली. खासदार चिखलात उतरले, कार्यकर्त्याला मोबाइल खिशात ठेवायला लावला आणि वाकले. गणू बांधावरून सांगत होता, खोल नको साहेब, दोन बोटं, मागं सरका, मागं. पंधरा रोपं लावून ते धापा टाकत उभे राहिले. ओळ रस्त्याकडं निघाली होती आणि मध्येच तिनं विचार बदलला होता. त्यांनी पाय धुतले, समृद्धीनं केलेला चहा घेतला, कुंडलिकशेटांशी हात मिळवला आणि गेले.

गाडी वळणापलीकडं जाईपर्यंत सगुणा थांबली. मग तिनं त्या ओळीपाशी जाऊन एकेक रोप हलवून बघितलं. अकरा उपटली, मुळं पाण्यात खळबळली आणि सरळ ओळीत नीट लावली. चार चांगली बसली होती, ती तशीच ठेवली.